बाळ रडतंय का?

प्रिय ताई,

हे तुला पाठवणार नाही. वाचलंस तर बाळाला उचलून तुझ्याकडे नेशील.

भास होऊ नयेत म्हणून दिलेल्या डोक्याच्या गोळीने मला मेल्यासारखी झोप लागते. गेल्या आठवड्यात बाळ रडून रडून निळं पडलं, शेजारणीने दार बडवलं, तरी मला जाग नाही; शेवटी हे कामावरून आले आणि किल्लीने दार उघडलं. घाबरून मी गोळीच बंद केली. तर बाळ गाढ झोपलेलं असतानाही मला त्याचं रडणं ऐकू यायला लागलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आपल्या मनाने बंद करायची नाही. मी डोस कमी करते, पण आजपासून परत सुरू करा."

आत्ता पुन्हा रडणं ऐकू आलं. भीत भीत यांना विचारलं, "अहो, बाळ रडतंय का?"

"अगं, केव्हाचं! दूधच गरम करतोय."

जीव भांड्यात पडला, ताई. पण यांची रजा आज संपली, उद्यापासून हे परत कामावर जाणार. मग कुणाला विचारू?

तुझीच,
धाकटी