थंड इंजिनाची तपासणी

४ मार्च
आजपासून नोंदी ठेवायच्या. शेजारचे काका त्यांचा छोटा ट्रॅक्टर विकताहेत. बावीस वर्षांचा आहे, पण रंग टिकून आहे. आपल्या दीड एकरात गवत कमरेपर्यंत माजलंय. निवृत्त झालो तेव्हा हिला म्हटलं होतं, सहा महिन्यांत तिथं भाजीचे वाफे दिसतील. त्याला तीन वर्षं झाली. ट्रॅक्टर नव्हता म्हणून अडलं, एरवी माझी तयारी होतीच.

किंमत फारच कमी सांगितली. तिथंच संशय आला. तीस वर्षं दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात घालवलीत, मला कोण गंडवणार?

५ मार्च
अपेक्षेप्रमाणे अट निघाली. ट्रॅक्टर आमच्या आवारात, कुंपणालगत ठेवायचा आणि रोज सकाळी साडेपाचला दहा मिनिटं चालू करायचा. कारण काय, तर काकू. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. घरातला हा म्हातारा कोण, असं त्या खुद्द काकांनाच विचारतात. पण ट्रॅक्टरचा आवाज आला की म्हणतात, हे गेले वाटतं शेतावर. मग शांत होतात आणि त्या म्हाताऱ्याच्या हातून चार घास खातात. काकांचा गुडघा गेलाय. सीटवर चढताना दोनदा पडले. म्हणून हाकेच्या अंतरावरच द्यायचाय म्हणे.

माल खपवायला लोक काय काय रचतील सांगता येत नाही. ही मात्र डोळे पुसत बसली.

८ मार्च, सकाळी ७
जुन्या ट्रॅक्टरची पहिली परीक्षा म्हणजे थंड इंजिन. विकणाऱ्यानं आधीच चालू करून गरम ठेवलं असेल, तर तो काहीतरी लपवतोय. बॉनेटवर हात ठेवला. गरम.

१० मार्च, सकाळी ६:१५
गरम.

११ मार्च, सकाळी ५:५०
चांगलंच गरम. काका माझ्या वरताण निघाले. ही म्हणाली, ते साडेपाचला चालू करतात हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, तुम्हालाच कसं ऐकू येत नाही? मी त्या वेळी झोपेत असतो. तो मुद्दा वेगळा.

१३ मार्च
मेकॅनिकला नेलं. त्यानं ऑइल बघितलं, पुढची चाकं हलवून बघितली आणि म्हणाला, डोळे झाकून घ्या. डोळे झाकून घ्यायचं असतं तर त्याला कशाला नेलं असतं? निघताना त्यानं काकूंची चौकशी केली. म्हणजे जुनी ओळख. त्याचं मत धरायचं नाही.

१५ मार्च
काकांना स्पष्टच सांगितलं. एक दिवस, मी येईपर्यंत चावीला हात लावायचा नाही. त्यांनी घराकडे वळून बघितलं. मग म्हणाले, एकच दिवस ना? मी म्हटलं, एकच. मग म्हणाले, पण वेळेवर या हं.

उद्याचा गजर ५:१५.

१६ मार्च, सकाळी १०
गजर वाजला असणार.

साडेआठला पोचलो. काकांनी शब्द पाळला होता, चावीला हात लावला नव्हता. काकू घरातून नाहीशा झाल्या होत्या. नवऱ्याला शोधत मोठ्या रस्त्यापर्यंत अनवाणी गेल्या. हिनं त्यांना धरून आणलं. तळपाय सोलवटलेले. काकांना त्या म्हणत होत्या, तुम्ही कोण, आमचे हे कुठे आहेत?

आलोच होतो म्हणून बॉनेटला हात लावला. थंडगार. चावी फिरवली, दुसऱ्या झटक्यात सुरू. धूर पांढरट, लगेच निवळला. नोंद: उत्तम.

आवाज ऐकल्यावर काकू रडायच्या थांबल्या. हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं. विचारायची छाती झाली नाही.

१८ मार्च
निर्णय झाला. घ्यायचा. पण आठवडाभर कोणाला सांगायचं नाही. उतावळेपणा दिसला की विकणारा डोक्यावर बसतो. काकांनी कुंपणावरून विचारलं, काय ठरलं? म्हटलं, विचार चालू आहे. बरं म्हणाले आणि लंगडत आत गेले.

२२ मार्च
काका पुन्हा पडले, सीटवर चढतानाच. मनगट मोडलं. त्यांची मुलगी आली आहे. ही म्हणाली, आज तरी जा आणि घेतो म्हणून सांगा. मी म्हटलं, अशा वेळी व्यवहाराचं बोलणं बरं दिसत नाही. शिवाय मागचे टायर नीट बघायचे राहिलेच आहेत.

२५ मार्च
गेलो. काकांची शेड रिकामी. बाबा पुन्हा वर चढायला नकोत, म्हणून मुलीनं काल पहिला फोन आला त्यालाच देऊन टाकला. माणूस फार लांबचा. मी म्हटलं, अहो, माझं ठरलं होतं. तिनं विचारलं, कधी?

तारीख वहीत आहे. सांगून काय उपयोग होता?

२६ मार्च
सव्वापाचलाच जाग आली, गजराशिवाय. कुंपणापलीकडून काकू विचारत होत्या, हे कुठे आहेत? सात वाजेपर्यंत तेच. हिनं कूस बदलली नाही, पण जागी होती.

२७ मार्च
साडेपाचला स्कूटर कुंपणाशी नेऊन रेस केली. दहा मिनिटं. लोक खिडक्यांतून बघत होते, बघू देत. काकूंचा आवाज बंद झाला. जमलं असं वाटलं. मग त्यांची मुलगी बाहेर आली. म्हणाली, आईला वाटतंय पाहुणे आले, येता का दोन मिनिटं?

गेलो. काकूंनी मला खुर्ची दिली. विचारलं, ट्रॅक्टर बघायला आलात ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, आमचे हे ट्रॅक्टर घेऊन शेतावर गेलेत, येतीलच इतक्यात. काका समोरच बसले होते, हात गळ्यात बांधलेला. काकूंनी कान देऊन ऐकलं. मग मला म्हणाल्या, आवाज येत नाही, लांब गेले असतील का?

मी म्हटलं, हो, लांब गेलेत.

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहा आला, त्यांनी कप डाव्या हातानं उचलला. माझं चुकलं एवढं तरी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. काकू मला उठू देईनात, यांची भेट झाल्याशिवाय कसे जाता म्हणाल्या. अकरा वाजेपर्यंत बसलो.