खालच्या रांगेतल्या पिंजऱ्यांबाबत

प्रति,
मा. संचालक,
दख्खन प्रतिकारशास्त्र संशोधन संस्था,
पुणे.

विषय: सन १९९० च्या शोधनिबंधाच्या दुरुस्तीपत्रातील वाक्य क्रमांक तीन काढून टाकणे व नव्या सभागृहास माझे नाव न देणे याबाबत.

संदर्भ: (१) श्री. सीताराम रणपिसे, निवृत्त प्राणिगृह परिचर, यांचे मला आलेले पत्र, दि. ६ मार्च १९९८.
(२) आपल्या कार्यालयाचे पत्र व दुरुस्तीपत्राचा मसुदा, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

संदर्भ क्रमांक एकचे पत्र मला सत्तावीस वर्षांपूर्वी मिळाले. त्याला मी उत्तर दिले नाही. पत्र हरवले नव्हते, पत्ता पुसला गेला नव्हता, मी आजारीही नव्हतो. ते माझ्या टेबलाच्या डाव्या खणात होते आणि निवृत्तीनंतर माझ्याबरोबर कोथरूडला आले. आपल्या कार्यालयाने ते 'अप्रस्तुत' ठरवले असले तरी मला या अर्जाची सुरुवात तिथूनच करावी लागत आहे.

१. मी आपल्या संस्थेत एकतीस वर्षे टी पेशींवर काम केले. टी पेशी या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी. शरीरात परके काही शिरले की त्या जाग्या होतात, पण जागे होण्यास त्यांना दोन खुणा लागतात. एकच मिळाली तर त्या उठत नाहीत, आणि पुष्कळदा पुढे दोन्ही मिळाल्या तरी गप्पच राहतात. हे गप्प राहणे कसे घडते, हा माझा विषय. १९८८ साली आम्ही उंदरांना अंड्याच्या पांढऱ्यातले शुद्ध प्रथिन टोचले आणि त्यांतल्या निम्म्यांना दुसरी खूण अडवणारे एक द्रव्य दिले. द्रव्य मिळालेल्या उंदरांच्या टी पेशी त्या प्रथिनावर महिनोन्‌महिने उठल्या नाहीत. निबंध १९९० साली छापून आला. त्यावर मला बढती मिळाली, परदेशची बोलावणी आली. दोन अन्य प्रयोगशाळांना तो प्रयोग जमला नाही, तेव्हा त्यांचे उंदीर वेगळे असावेत असे मी त्यांना कळवले. त्या पत्रांना मी लगेच उत्तरे दिली होती.

२. दि. २८ फेब्रुवारी १९९८ रोजी विज्ञान दिनानिमित्त मी कर्मचाऱ्यांसाठी मराठीत भाषण केले. मला चारचौघांत बोलता येत नाही; मी ते वाचून दाखवले. श्री. रणपिसे यांचा तो नोकरीचा शेवटचा दिवस होता. पत्नी चंपाबाई यांच्यासह ते शेवटच्या रांगेत बसले होते. ते उंदीर इतकी वर्षे त्यांनी सांभाळले. उंदरांना आम्ही काय टोचतो हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी एकानेही त्यांना सांगितले नव्हते. आठवड्याने त्यांचे पत्र आले. त्यातील शब्द असे:

"साहेब, परवा आपण सांगितले की उंदरांना अंड्यातला पांढरा भाग टोचत होता. मी प्राणिगृहात जेवायला बसे तेव्हा खालच्या रांगेतल्या उंदरांना उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकत असे. ती जाळीशी येऊन बघत बसत, मला एकट्याला खाववत नसे. वरच्या रांगेला स्टूल लावावे लागते आणि माझा गुडघा धरतो म्हणून वरच्यांना मिळत नसे. त्याने आपल्या कामात काही फरक पडला काय? पडला असल्यास कळवावे. माझ्याकडून चूक झाली असेल तर मी लिहून देतो."

फरक पडला होता. जो काही फरक आम्हाला दिसला तो त्यानेच पडला होता. जे तोंडावाटे पोटात जाते त्यावर टी पेशी सहसा उठत नाहीत. उठल्या असत्या तर कोणालाही दोन वेळचे जेवण सोसले नसते. आमच्या शास्त्रात हे जुने ज्ञान आहे. अंडे उकडलेले होते ही सबबही चालत नाही, कारण उकडल्याने प्रथिनाचा आकार बिघडला तरी टी पेशी त्याचे तुकडेच ओळखतात. आता माझा भाग. द्रव्य दिलेले सगळे उंदीर मी खालच्या रांगेत ठेवले होते आणि न दिलेले वरच्या रांगेत. पिंजरे मिसळून ठेवायचे असतात हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. मीही शिकवत असे. स्वतः मात्र रांगा केल्या, कारण वहीत नोंद करायला सोपे जाई.

३. श्री. रणपिसे प्राणिगृहात का जेवत होते, हे आपल्या समितीने विचारले नाही. म्हणून मी सांगतो. १९८६ साली विभागाच्या भोजनकक्षात एक पाटी लागली: 'येथे अंडी व मांसाहारी पदार्थ आणू नयेत. इतरांना वास येतो. हुकमावरून.' हुकूम तत्कालीन विभागप्रमुखांचा होता. अक्षर माझे. माझे अक्षर बरे आहे म्हणून मला सांगण्यात आले आणि मी पाटी लिहिली. 'वास' हा शब्द जरा कलता गेला म्हणून ती पुन्हाही लिहिली. पाटीच्या आदल्या दिवशी कोणीतरी श्री. रणपिसे यांचा डबा उचलून बाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. ते आले, त्यांनी डबा घेतला आणि ते जिना उतरून प्राणिगृहात गेले. मी तिथेच बसलो होतो. माझ्यापुढे पुस्तक उघडे होते. मी पान उलटले.

त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, अंड्याचे तेच प्रथिन परदेशाहून बाटलीत येत असे आणि ती बाटली विभागप्रमुख स्वतःच्या हाताने उघडत. प्रयोगाच्या बशांतल्या सडलेल्या कल्चरच्या वासात आम्ही दिवसभर बसत होतो. त्याची पाटी कोणी लावली नाही. हे आठवले की मला माझीच किळस येते. 'किळस' हा शब्द अर्जात शोभत नाही याची जाणीव आहे. दुसरा सापडला नाही.

४. पत्र आल्यावर मी कोणाला न सांगता तो प्रयोग चार महिने पुन्हा केला. मंडईतून अंडी आणून ती प्रयोगशाळेतच उकडली. अंडे खाल्लेले आणि द्रव्य न मिळालेले उंदीर: टी पेशी गप्प. द्रव्य मिळालेले आणि अंडे न खाल्लेले उंदीर: टी पेशी जाग्या. या वेळी पिंजरे मिसळून ठेवले होते. वही क्रमांक ४७ मध्ये सर्व नोंदी आहेत. त्यानंतर मी वही बंद केली. श्री. रणपिसे यांना 'होय' असे लिहिले तर ते लेखी होईल, याची मला भीती वाटली. मग मी मनाशी ठरवले की उत्तर न देण्यातच त्यांच्या मनाची शांती आहे. हा विचार मी नऊ वर्षे नोकरीत आणि अठरा वर्षे घरी बसून केला.

५. गेल्या जानेवारीत संस्थेने कळवले की सुवर्णमहोत्सवानिमित्त नव्या सभागृहास माझे नाव देण्याचे ठरले आहे. तेव्हा मी पहिला अर्ज केला व निबंध चुकीचा असल्याचे कळवले. तो अर्ज निवृत्तिवेतन शाखेकडे वर्ग झाला. त्यांनी हयातीचा दाखला मागितला. तो मी दिला, त्यामुळे मी हयात आहे याबद्दल तरी आता संस्थेला शंका नसावी. दुसऱ्या अर्जावर भांडार विभागाने विचारले की सदर अंडे भांडारामार्फत खरेदी केले होते काय. नव्हते, असे मी लिहिले. त्यावर उत्तर आले की भांडार नोंदवहीत नोंद नसल्याने सदर अंडे प्राणिगृहात होते असे मानता येत नाही. मी खिडकीवर चौकशीस गेलो असता तेथील बाईंनी माझी समजूत काढली, "आजोबा, ते उंदीर तरी आता कुठे असणार? घरी जा, उन्हं वाढतायत." संपूर्ण पत्रव्यवहारात मला एवढेच एक समंजस वाक्य मिळाले.

६. मे महिन्यात समिती बसली. अध्यक्ष डॉ. रणजित शितोळे हे माझेच विद्यार्थी. वही क्रमांक ४७ टेबलावर होती. ती कोणी उघडली नाही. डॉ. शितोळे म्हणाले, "सर, पस्तीस वर्षं झाली. आता कोणाला त्रास होतोय? तुम्ही उगाच मनाला लावून घेता." ते असे कोणाकडून शिकले असतील, याचा विचार मी परतताना बसमध्ये केला. बैठक त्याच जुन्या भोजनकक्षात होती. पाटीचे दोन खिळे भिंतीत अजून आहेत. चहाबरोबर सर्वांना अंडा पफ दिले. मी सोडून ते सर्वांनी खाल्ले आणि वासाबद्दल कोणाची तक्रार आली नाही. मला पफचा राग नव्हता.

७. आता वाक्य क्रमांक तीन. आपल्या मसुद्यात ते असे आहे: 'प्राणिगृहातील एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याच्या अनधिकृत व निष्काळजी कृत्यामुळे निष्कर्षांवर परिणाम झाला असून त्यात लेखकांचा कोणताही दोष नाही.' सोबतच्या पत्रात म्हटले आहे की मी यावर सही केल्यास सभागृहाचे नाव कायम राहील व मानपत्रात माझ्या सत्यनिष्ठेचा उल्लेख करण्यात येईल.

महोदय, मी हे पत्र तीनदा वाचले. मला नेहमी वाटते की माझीच समजण्यात चूक होत असेल. चौथ्यांदा वाचवेना. ज्या माणसाचा डबा आम्ही बाहेर ठेवला, ज्याला बाटलीत काय आहे हे सांगितले नाही, आणि ते कळताच ज्याने एकट्याने विचारले की माझ्यामुळे काही बिघडले का, त्याला निष्काळजी ठरवायचे आणि त्याबद्दल सत्यनिष्ठ म्हणून मी हार घालून घ्यायचा. एवढे घाणेरडे वाक्य संस्थेत याआधी लिहिले गेले नसावे. माझ्या पाटीखेरीज.

८. हा अर्ज लिहायला बसलो तेव्हा माझी पत्नी मंदाकिनी म्हणाली, "अहो, आधी त्यांना लिहा. संचालक काय, ते वाचणारही नाहीत." वाक्याचा दुसरा भाग अर्जात घालावा की नाही याबद्दल मी साशंक होतो, पण तो खरा असेल तर आपली हरकत येण्याचा प्रश्न नाही. मी दूरध्वनी क्रमांक मिळवला. कसा मिळवला हे लिहिणार नाही. श्री. रणपिसे यांच्या कन्या कल्याणीताई यांनी फोन घेतला. वडील सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना ऐकू येत नाही, पण वाचता येते, असे त्यांनी सांगितले. मी माझे नाव सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे उंदीरवाले साहेब का? बाबा अजून विचारतात हो, माझ्यामुळं साहेबांचं काय बिघडलं का म्हणून. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ते आपल्या ताटातलं टाकत नाहीत. आम्ही टाकलं तर ओरडतात. तुम्ही पत्रच पाठवा, पण आता लवकर पाठवा." बरे, एवढे म्हणून मी फोन ठेवला.

९. सबब विनंती करतो की,

(अ) वाक्य क्रमांक तीन काढून त्याजागी हे छापावे: 'द्रव्य दिलेल्या व न दिलेल्या उंदरांचे पिंजरे वेगवेगळ्या रांगांत ठेवण्याची चूक पहिल्या लेखकाची असून ती १९९८ पासून त्यास ठाऊक होती.' श्री. रणपिसे यांनी ही चूक प्रथम दाखवली, हेही त्यात यावे. मात्र त्यांचे नाव छापण्यास त्यांची परवानगी मी सोबतच्या पत्राने मागितली आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत नाव घालू नये. त्यांना उत्तरास वेळ लागल्यास त्यांना स्मरणपत्र पाठवू नये. वाट पाहण्याची पाळी आता आपली व माझी आहे.

(ब) सभागृहास माझे नाव देऊ नये. फलक तयार झाला असल्यास तो भोजनकक्षातील त्या दोन खिळ्यांवर लावू नये, एवढे कृपया पाहावे.

(क) आपल्या मसुद्यावर मी सही केलेली नाही व करणार नाही. मूळ मसुदा परत करत आहे.

हे सर्व अधिक चांगल्या भाषेत आणि पुष्कळ आधी लिहायला हवे होते. तरीही आपण दुरुस्तीपत्र आहे तसेच छापल्यास मी वही क्रमांक ४७ ची प्रत त्या नियतकालिकाच्या संपादकांकडे स्वतः पाठवीन. ही धमकी आहे की नाही, मला खात्री नाही. धमकी देण्याचा मला सराव नाही.

आपला नम्र, व अद्याप हयात,
(सही)
डॉ. श्रीधर विष्णू खांबेटे
कोथरूड, पुणे
दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१. दुरुस्तीपत्राचा मसुदा, सहीविना.
२. वही क्रमांक ४७, पाने १ ते ६२, छायाप्रत.
३. श्री. सीताराम रणपिसे यांचे दि. ६ मार्च १९९८ चे पत्र, छायाप्रत.
४. त्यास मी दिलेल्या उत्तराची प्रत. ते लहान असल्याने येथेच उतरवतो: "श्री. रणपिसे यांस सप्रेम नमस्कार. आपल्या पत्राला उत्तर द्यायला सत्तावीस वर्षे लागली. होय, फरक पडला. पण चूक आपली नव्हती. पिंजरे मी मांडले होते आणि जेवणघरातली पाटीही मीच लिहिली होती. आपण लिहून देण्यासारखे काही नाही. ते मी लिहून देत आहे. कुत्र्याला तुकडा टाकावा. माफ करा असे म्हणण्याचा मला हक्क आहे की नाही, ते आपण ठरवावे. श्रीधर खांबेटे."
५. वरील उत्तर आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी स्पीड पोस्टाने श्री. रणपिसे यांच्या घरी, बोपोडीस, रवाना केल्याची पावती. छायाप्रत. मूळ पावती मी कोणत्याही कार्यालयास देणार नाही.