काळ्या गाडीवरची ताडपत्री

२२ एप्रिल
आज सव्वाअकराला सगळं पालटलं. मी दुकानात खाली बसून पॉलिशचे पॅड धूत होतो. काळी कोरी गाडी आत आली, सीटांवर अजून प्लास्टिक. उतरले ते ऋतुजाचे अण्णा. समोरासमोर कधी भेटलो न्हाई, पण तिच्या मोबाईलमधला फोटो इतक्यांदा बघितलाय. मिशा आता पांढऱ्या झाल्यात.
रफिकभाईंना म्हणाले, "चांगलं ते कोटिंग मारा मालक. पोरीचं लगीन हाय अकरा मेला. गाडी जावयाला द्यायची."
रफिकभाई म्हणाले, "काळी घेतली पाटील? लग्नाला?"
"जावईबापूंना काळीच पायजे. आमचं कोण इचारतंय."
रफिकभाईंनी किल्ली माझ्याकडं फेकली. "गजा, ही तू कर."

२३ एप्रिल
आज नुसती धुतली आणि क्ले फिरवला, रंगावरचा मळ ओढणारी माती. बाकी हात चालेना.
एकदा लिहून टाकतो. इथून पुढं ऋ. एवढंच लिहीन. नांदेडला दुसऱ्या वर्षाला एका वर्गात. कॅन्टीनमध्ये एक जण तिच्याबद्दल घाण बोलला. मी त्याच्या डोक्यात स्टीलचा जग घातला. मला वाटलेलं ती खूश होईल. ती म्हणाली, "तुला मी सांगितलं होतं का? आता सगळ्या कॉलेजात माझं नाव झालं." घरच्यांनी तिला महिनाभर चाकूरला बसवून ठेवलं. मी कॉलेज सोडलं ते सोडलंच. भोकरला घरी बापाची बोलणी, मग लातूर, मग हे दुकान. दोन वर्षं झाली. फोन लावला की ती कट करते.
आता कट करायचीबी गरज न्हाई.

२५ एप्रिल
कोटिंग झालं. अण्णा दिवसभर स्टुलावर बसून बघत होते. असं गिऱ्हाईक न्हाई बघितलं कधी.
"हे म्हंजे गाडीला उन्हाची छत्री का रे?"
"छत्री न्हाई अण्णा. लोणच्यावर तेलाचा थर असतो ना, तसं. आत ऊन शिरू देत न्हाई. पण मुरायला आठवडा लागतो. तोवर लई जपायचं."
तोंडातून 'अण्णा' गेलं. ऋ. म्हणते तसं. त्यांना काही वाटलं न्हाई.
"गाव कोणतं तुझं?"
"देगलूर." खोटं. भोकर म्हणालो असतो तर कदाचित त्यांना ते प्रकरण आठवलं असतं.
डब्यातली अर्धी भाकर मला दिली. खाल्ली.
काम एक नंबर झालंय, हे लिहायलाच पायजे. बिघडवायचं मनात आलं होतं, दोनदा. पण हात ऐकत न्हाईत. बोनटवर वाकलो की माझंच तोंड दिसून राहिलं.

२६ एप्रिल
गाडी दिली.
आम्ही हाताने चिठ्ठी लिहून देतो, तीन ओळींची. उन्हात लावायची न्हाई. आठ दिवस पाणी न्हाई. गाडीवर काही टाकायचं न्हाई. दोन ओळी लिहून झाल्या, तेवढ्यात अण्णांनी रफिकभाईंना पत्रिका दिली. टेबलावर, माझ्यासमोरच. सोनेरी अक्षरात तिचं नाव आणि शेजारी त्याचं. नांदेडचा हाय. कॉलेजपासून दहा मिनिटांवर घर असणार त्याचं.
पेन थांबला.
अण्णा म्हणाले, "आमच्या दारात सावली न्हाई गा. सोयाबीन झाकायची मोठी ताडपत्री हाय. ती टाकली तर जमंल का?"
मी म्हणालो, "हाव, टाका."
चिठ्ठी दोन ओळींचीच दिली.

२७ एप्रिल
बिलावर अण्णांचा नंबर हाय. एक फोन. 'ताडपत्री काढा' एवढंच म्हणायचं.
केला न्हाई.

२९ एप्रिल
सकाळपासून वारं. पत्रे वाजून राहिलेत. ऊन असं की दुपारी हापशाच्या दांड्याला हात लावता येईना. गाडी डोळ्यासमोर. ताडपत्रीवर वर्षाची माती, तापून चिकटणार, वाऱ्याने घासणार. कच्च्या कोटिंगवर. काळ्या रंगावर.
फोन न्हाई केला. लई राग होता. कुणावर ते आता सांगता येईना.

४ मे
आली.
टप आणि बोनटवर ताडपत्रीचं विणकाम जसंच्या तसं उठलंय, जणू गोणपाट छापलंय. दारांच्या कडांना दोरीचे चट्टे. रफिकभाई दोनदा फिरले गाडीभोवती. "गजा, तू सांगितलं नव्हतं का झाकायचं न्हाई म्हणून?"
मी बादली भरायला वळलो.
अण्णाच बोलले. "पोराला बोलू नका. त्यानं लिहून दिलं होतं, उन्हात लावू नका म्हणून. म्हणूनच झाकली. मी इचारलं बी होतं वाटतं… का न्हाई, ध्यानात न्हाई. आडाणी माणूस, जपायच्या नादात वाट लावली."
काल नांदेडचे पाव्हणे बघायला आलते. नवऱ्याच्या चुलत्याने बोनटवर बोट फिरवलं आणि चार माणसांत म्हणाला, "पाव्हणं, गाडी कोरीच हाय ना? का कुणाची वापरलेली रंगवून आणली?" अण्णांनी कागद दाखवले. तो हसला म्हणे. "कागद काय, कसेबी होतात."
अण्णा हे सांगताना हसायला गेले. जमलं न्हाई.

६ मे
तीन दिवस मशीन. टपाचं निघालं, दारांचंबी. बोनटचा डावा कोपरा राहतोय. रफिकभाईंनी रंगाची जाडी मोजली आणि मशीनचं बटण बंद केलं. "बस. अजून घासलास तर रंग जाईल." दुकानातल्या लाईटखाली काही कळत न्हाई. बाहेर उन्हात काढली की कोपऱ्यात जाळी दिसते.
आणि लग्न काय दुकानात लागणार न्हाई.

७ मे
दुपारी ऋ.चा फोन. दोन वर्षांनी. दुकानाच्या मागं जाऊन उचलला.
"चिठ्ठीवरचं अक्षर तुझं आहे ना?"
"हो."
"अण्णा नीट जेवले न्हाईत चार दिवस. काका, मामा, सगळे त्यांनाच बोलतायत. हौसेची गाडी अन् लाज आणली म्हणून." मग म्हणाली, "ताडपत्रीचं त्यांनी तुला विचारलं होतं का?"
"न्हाई."
"नक्की?"
"न्हाई म्हणालो ना."
"बरं. मला वाटलं, तू परत माझ्यासाठी काहीतरी केलंस."
तिने ठेवला. कट न्हाई केला, ठेवला. मी मागच्या भिंतीवर बुक्की मारली. दोन बोटं सुजली. भिंतीला काही झालं न्हाई.

८ मे
अण्णा गाडी न्यायला आले. कोपरा दिसला त्यांना. रुमालाने पुसून बघितला, दोनदा.
मग पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. मला वाटलं रफिकभाईंना. तर माझ्यासमोर उभे. "लग्नात हात लागलेल्या माणसाचा आहेर करायची रीत हाय आमच्यात. मांडव घालणारा, आचारी, कुंभार. तू तर तीन दिवस राबलास. बोटं सुजवून घेतलीस." टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर. "लग्नाला यायचं. गाडी तूच धुवायचीस त्या दिवशी."
मी वाकून पाया पडलो, तोंड दिसू नये म्हणून.
गाडी गेल्यावर रफिकभाईंना सांगितलं. ती 'हाव' सांगितली. ते किती तरी वेळ कापडाची घडी घालत राहिले, मग म्हणाले, "कामून?"
"चुकलं."
"हौला है क्या? येडा झालास का? चूक अशी नसते. तू सगळ्यांना तिसरी ओळ लिहितोस. इथं कामून न्हाई लिहिली?"
सांगितलं न्हाई. तिचं नाव न्हाई घेतलं.
ते बसले आणि दुकानाच्या कागदावर लिहून दिलं. गाडी कोरी आली होती, डाग आमच्या कामगाराच्या सांगण्यामुळे पडला, गाडीमालकाची काही चूक न्हाई. सही, शिक्का. "उद्या पाटलांकडं घेऊन जा. सोमवारपासून यायचं का न्हाई, ते मी सांगीन."

९ मे
चाकूरची एस.टी. साडेबाराला. कागद खिशात. टॉवेल-टोपी पिशवीत घेतली, परत द्यायला. ठेवून घ्यायचा हक्क न्हाई.
कागद दिला की पाव्हण्यांचं तोंड बंद होईल. पण अण्णा रफिकभाईंसारखंच विचारणार, कामून. देगलूर खोटं होतं हे सांगावं लागलं, तर भोकर निघणार. भोकर निघालं की तो स्टीलचा जग निघणार, कॅन्टीन निघणार, ऋ. निघणार. मांडवात. दोन दिवस राहिलेत लग्नाला.
आळस केला म्हणावं. गिऱ्हाईकाची गर्दी होती म्हणावं. तो चुलता असला तिथं आणि काही बोलला, तर मी गप्प बसेन का, मला माहीत न्हाई. हात खिशात ठेवणार. दोन्ही.
ऋ. दारात असली तर…
बारा वाजले. ऊन फरशीवर आलंय. वही गादीखाली सारली की बाहेर पडतो, दार ओढून घेतो.