बास्केटखालची जागा

६ फेब्रुवारी

ती. दादास,

धाकट्याचा शि. सा. नमस्कार, आईलाही सांग.

फोनवर आपण दोघं हवापाण्यापलीकडे जात नाही, म्हणून पत्र. वहिनी म्हणतील की भाऊजींचं काहीतरी अडलेलं दिसतंय. बरोबर आहे त्यांचं.

दिवसा पाणीपुरवठ्याचं ऑफिस आणि संध्याकाळी मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवणं, असं माझं चाललंय. मुली म्हणायचं, सगळ्या नोकरदार बायका आहेत. बावीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही अंतिम सामन्यात पोचलोय, तेही आमच्या सेंटरमुळे. ती दवाखान्यात नर्स आहे, उंची सहा फूट एक इंच. ती बास्केटखाली उभी राहिली की समोरच्या आत यायचंच टाळतात. पण पंधरा दिवसांपासून तिचा गुडघा सुजतोय. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली, रिपोर्ट यायचाय. सामना तेवीस तारखेला आहे.

हल्ली सगळे म्हणतात की उंच सेंटरचे दिवस गेले, लांबून नेम धरणारे पाच चपळ खेळाडू पुरतात. माझी लेक तर मला भंगारात काढायला निघाली आहे. तू स्वतः सेंटर होतास. सेंटरशिवाय अजिंक्यपद मिळतं का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं. एका बाईंच्या चष्म्याचा नंबर काढायचा सोडून आधी तेच वाचलं, त्या रागावल्या.

तुमच्यासारखे लांबून नेम धरणारे मी पाहिलेत. तुझे चुकलेले चेंडू गोळा करता करताच मी रिबाउंडला पटाईत झालो. नेम लागतो त्या दिवशी कोणीही जिंकतं. अंतिम सामन्यात हात थरथरतात, तेव्हा पडलेला चेंडू उचलायला बास्केटखाली कोणीतरी दांडगं लागतंच. सेंटरशिवाय अजिंक्यपद नाही, हे लेकीला माझ्या नावावर सांग.

नर्सबाईंना मात्र जप. उंच माणूस दिसला की प्रत्येकाला वरच्या फळीवरचं काहीतरी हवं असतं. आपण दोघं अंतिम सामना जिंकलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी मला माळ्यावरचे रंगाचे डबे काढायला शिडीवर चढवलं नसतं आणि मी वरून पडलो नसतो, तर मी आणखी दहा वर्षं खेळलो असतो. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. पण शेवटपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललो नाही, ते त्या शिडीमुळेच. ओल्या हवेत पाय अजून ओढावा लागतो.

वहिनीचे आशीर्वाद. तिला भाऊजींचं काम ओळखू आल्याचा फार आनंद झालाय.

तुझा,
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. नमस्कार. हे पत्र दुकानात फोडू नकोस, घरी गेल्यावर वाच.

मी तुला खोटं लिहिलं. नर्सबाईंचा रिपोर्ट पाच तारखेलाच आला होता. तुला पत्र लिहीत होतो तेव्हा तो माझ्या टेबलाच्या खणात होता. गुडघ्यातलं लिगामेंट अर्धं फाटलंय, पायावर भार देऊ नये, असं त्यात आहे. मी तिला सांगतोय की डॉक्टर सुट्टीवर आहेत.

असं मी दुसऱ्यांदा करतोय. आपल्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुझ्या दुखऱ्या गुडघ्याचा रिपोर्ट आणायला मीच गेलो होतो. त्यातही जवळजवळ हेच होतं. वाटेतच तो उघडून वाचला आणि बुटांच्या पिशवीत ठेवला, कारण रविवारी तू नसतास तर आपण हरलो असतो. जिंकल्यावर द्यायचा ठरवलं होतं. पण तू इतका खूश होतास की माझी जीभ रेटेना. सोमवारी बाबांनी तुला डबे काढायला सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मंगळवारी तुझ्या हातात रिपोर्ट दिला आणि तो आजच आल्याचं सांगितलं.

बाबांना कधीच काही कळलं नाही. त्यानंतर त्यांनी ती शिडी विकून टाकली. सगळ्यांनी त्यांना दोष दिला आणि मी तो देऊ दिला. मला फार लाज वाटते, दादा. इतकी वर्षं वाटत होती, तरी खणाला कुलूप घालताना हात अडखळला नाही.

तुझ्या आशीर्वादाला पात्र नसलेला,
धाकटा

१८ फेब्रुवारी

धाकट्या,

चिरंजीव वगैरे लिहिवत नाही.

रिपोर्ट नर्सबाईंच्या हातात दे, आजच, आणि कधी आला तेही सांग. खेळायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे. तू मला विचारलं असतंस तर कदाचित मी रविवारी खेळलोच असतो. पण सोमवारी शिडीवर चढलो नसतो.

दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. नमस्कार. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन तिला रिपोर्ट दिला. तिने तो उभ्याउभ्या दोनदा वाचला. मग मला म्हणाली की ती रोज लोकांच्या हातात असे कागद देते, पण एकही कधी दाबून ठेवलेला नाही. खेळायला तिने नकार दिला. माझ्याशी आता बोलत नाही, तिच्या मैत्रिणीही कामापुरतंच बोलतात.

काल आम्ही एकोणीस गुणांनी हरलो. लांबून एकही नेम लागेना आणि खाली पडलेला चेंडू उचलायला कोणी नव्हतं. तुझं म्हणणं खरं ठरलं.

मला वाटेल ते लिही, पण लिही.

धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

राग गेलेला नाही, पण पत्राला उत्तर न देण्याइतका उरलेलाही नाही. सेंटर लागतोच, हे मत मी बदललेलं नाही. आमच्यावाचून तुमचं भागत नाही, म्हणून तर आम्हाला आधी विचारायला हवं.

काल शेजारच्या बाई आल्या होत्या. मी लंगडत पाणी आणलं, आणि आईने त्यांना नेहमीचंच सांगितलं की थोरल्याचा पाय याच्या वडिलांनी मोडला आणि तिने त्यांना ते कधी माफ केलं नाही. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी बाकी सगळं ती विसरते, एवढंच तिच्या ध्यानात राहिलंय. इतकी वर्षं मी यावर मान डोलावत आलो. काल उठून आतल्या खोलीत गेलो.

तिला मी काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ते तुझ्याच तोंडून यायला हवं. लवकर ये, अजून ती माणसं ओळखते.

तुझा,
दादा