तुझ्या वर्गातल्या सतरा जणी

एर्मेकदादा,

सूप चुलीवर आहे, गरम करून घे.

तुझ्या ‘महिन्याभरात श्रीमंत व्हा’ वर्गाची फी भरायला मी शिलाई मशीन विकलं. फी दुप्पट करून परत देतो म्हणाला होतास. ते पैसे बुडाले तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, “बेरमेत, तुला डोकंच नाही.”

दोन महिने मी वाचनालयातल्या पैशांच्या व्यवहाराच्या फुकट वर्गाला जातेय. तिथं शिकवणाऱ्या साल्तनातबाई बँकेतून निवृत्त झाल्यात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “पैसे दुप्पट करून देतो म्हणेल त्याला आधी परवाना विचार गं.” मी चौकशी केली. तुझ्याकडे नाहीच.

आज तुझा हॉल रिकामा असेल. तुझ्या सतराही जणी साल्तनातबाईंकडे बसतात.

सकाळी आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तू भाऊ म्हणून मी कचरत होते. आई म्हणाली, “आण इकडे पेन.” पहिली सही तिची आहे.

बेरमेत