दहा महिन्यांत म्हातारे झालेले टायर

२ मार्च

बारक्या,

आशीर्वाद. तू रागावलायस हे ठाऊक आहे, तरी दिलेत. फोन कट करता येतो, आशीर्वाद येत नाहीत, म्हणून हा कागद.

इकडे सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून दुकानात गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाइकाला गप्पांत असं गुंगवतात की तो टायर घ्यायचा विसरून घरी जातो. फिटर म्हणतो, "ताई, साहेबांना पुन्हा नोकरीला लावा." मी म्हटलं, कोण घेईल बाबा?

आता मुद्द्याचं. रविवारी मी तुझ्याकडे आले ती काही भांडायला नाही. तुझ्या गाडीच्या टायरना भेगा पडल्यात म्हणालास, त्या बघायला आले. बघितल्या. टायरच्या बाजूच्या भिंतीवर गोल फिरून बारीक बारीक चिरा, अंगठ्याने दाबलं की तोंड उघडतात. दहा वर्षं उन्हात पडलेल्या टायरची अशी दशा होते, आणि हे दिलेत मी तुला दहा महिन्यांपूर्वी. मलाही धक्का बसला. पण तू माझं ऐकून घ्यायच्या आत दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "सख्ख्या भावाच्या गळ्यात जुना माल मारलास." अरे, असं कोणी परक्यालाही बोलत नाही रे! बाबांच्या वेळेपासून आपल्या दुकानातून एक शिळा टायर बाहेर गेलेला नाही. मी घरी येऊन जेवले नाही त्या दिवशी. भाऊजींना विचार.

टायरवर शेवटचे चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला ते. टॉर्च लावून मी ते वाचून दाखवत होते, तू पाठ फिरवलीस. त्याच मालातले टायर घेऊन एक टॅक्सीवाला दिवसरात्र पळतोय, त्याच्या टायरला ओरखडा नाही. तुझ्याच डिकीतली स्टेपनी बघ, चारांची सख्खी बहीण ती, तुझ्या पोराच्या, आपल्या भोपळ्याच्या, गालासारखी गुळगुळीत आहे. ऊन म्हणावं तर तुझी गाडी कायम गॅरेजात, सावलीत. हवा कमी म्हणावं तर मी स्वतः मोजली. तू लोकांच्या जुन्या गाड्या चकाचक करून देतोस तसं तुझ्याही टायरना ते काळं पॉलिश फासतोस, ते मात्र बंद कर. पण नुसत्या पॉलिशने असं होणार नाही. आणि तुझ्या बायकोच्या स्कूटरचे टायरही तसेच चिरलेत. ते तर माझ्या दुकानातले नाहीत! आता बोल.

त्यातला एक टायर मी उतरवून आणलाय. कंपनीचा माणूस येईल, तो बघेल. तोवर स्टेपनी लावलेली आहे, पण बाकीच्या तिघांवर हायवेला जाऊ नकोस. एवढं तरी माझं ऐक.

तुझ्या गॅरेजात कसला वास येतो रे हल्ली? पावसाळ्यात जवळ वीज पडली की येतो तसला. तू म्हणालास, नवीन मशीन आहे, जुन्या गाडीतला सिगारेटचा, कुत्र्याचा, सगळा वास खाऊन टाकतं. छान आहे. धंदा वाढू दे तुझा.

भोपळ्या खोकत होता. हवाबदल असेल. मी टायर बघायला वाकले ती तिथेच राहिले, त्याला जवळ घ्यायचं राहूनच गेलं. त्याचा एक पापा घे माझ्या नावाने.

तुझीच,
ताई


१९ मार्च

बारक्या,

आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. तू लिहिणार नाहीस हे धरूनच चालले होते, तरी पोस्टमन आला की मान वर होते.

कंपनीचा माणूस परवा आला. चांगला शिकलेला, शांत माणूस. भिंग लावून बघत बसला. मग म्हणाला, "ताई, टायरमध्ये दोष नाही. याला हवेने खाल्लंय. ही गाडी ओझोनचं मशीन, ते वास घालवायचं, चालतं अशा बंद जागेत राहते का?" मी म्हटलं, राहते. तो म्हणाला, "मग प्रश्न सुटला. ताणलेल्या रबराला तो वायू असाच चिरतो." बारक्या, खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला! अख्ख्या दुकानाला चहा पाजला. फिटरला म्हटलं, बघ, आपला माल बावनकशी. भाऊजी म्हणाले, "आता तरी जेव पोटभर." जेवले.

मग हात धुताना डोक्यात आलं की तुझी झोपायची खोली त्या गॅरेजच्या बरोब्बर वर आहे.

तुला आठवत नसेल, तू लहान होतास. बाबा गोडाऊनच्या कोपऱ्याकोपऱ्यात दोन खिळ्यांमध्ये साधा रबरबँड ताणून ठेवायचे, भाजीच्या जुडीला असतो तसला. मोटारपंपाजवळचा नेहमी आधी तुटायचा, मोटारीच्या ठिणग्यांतूनही तोच वायू निघतो. जिथला आधी तुटेल, तिथे टायर रचायचे नाहीत. मी तुझ्या बायकोला फोन करून तसे रबरबँड लावायला सांगितले. तुला न सांगता सांगितलं, रागाव हवं तर. एक गॅरेजात, एक जिन्यात, एक स्वयंपाकघरात, एक भोपळ्याच्या खोलीत. मला वाटलं, गॅरेजातला तुटेल, जिन्यातला कदाचित तडकेल, आणि माझा जीव भांड्यात पडेल.

तसं झालं नाही.

मध्ये बरंच काही लिहायचं होतं. समोरच्या दर्जीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलंय, दुकानाला पत्रा नवा घातलाय. पण हात पुढे जात नाही. सगळ्यांत आधी भोपळ्याच्या खोलीतला रबरबँड तुटला. गॅरेजातल्याच्याही आधी. मी तुझ्या बायकोला विचारलं, अगं असं कसं? ती म्हणाली, "ताई, ते रोज दुपारी मशीन वर आणतात. त्याचा खोकला जात नाही ना, म्हणून खोलीतली हवा शुद्ध करतात. मग खिडक्या लावून त्याला तिथेच झोपवायचं, म्हणजे शुद्ध हवा बाहेर जात नाही."

बारक्या, मी तिला फोनवरच सांगितलं, मशीन बंद कर; ती म्हणाली, "माझं नाही ऐकायचे ते, तुम्हीच त्यांना लिहा."

अरे, तू चांगल्यासाठीच केलंस, ते मला कळतं. मशीन विकणाऱ्याने तुला सांगितलं असेल, फुलासारखी हवा होते म्हणून. पण जी हवा दहा महिन्यांत रबर म्हातारं करते, ती त्या चिमुरड्याच्या छातीत रोज भरायची? हे मी सरळ लिहिणार नव्हते. तुला सरळ बोललेलं सोसत नाही, लहानपणापासून. पण आता सरळच लिहिते: खोकला त्या मशीनमुळे आहे. ते बंद कर. खिडक्या उघड. पोराला डॉक्टरकडे ने आणि त्यांना मशीनचं सांग.

आणि भांडणाचं म्हणशील तर तू जिंकलास. टायर खराब होते. मी म्हातारा माल दिला, माझी चूक झाली. हवं तर हे पत्र तुझ्या त्या दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखव. नवे चार टायर फिटरबरोबर पाठवते, नाक मुठीत धरून पाठवते. तुझं सगळं खरं, माझं सगळं खोटं. मशीन तेवढं बंद कर रे.

तुझी,
ताई


२७ मार्च

बारक्या,

हे मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. तू दारातून आत आलास की आधी हे वाच, मग बाकीचं. घरात कोणी नाही म्हणून घाबरू नकोस. नाही, घाबर. मी आता शब्द सांभाळून लिहिणार नाही.

भोपळ्या दवाखान्यात आहे, मोठ्या रस्त्यावरच्या, दुसऱ्या मजल्यावर. तुझी बायको त्याच्याजवळ आहे. मी त्याचे कपडे न्यायला आलेय. सकाळपासून मी तुला फोन करतेय आणि तू कट करतोयस. ताई पुन्हा टायरचं पुराण लावणार, असंच वाटलं असेल तुला. तुझी बायको पळापळीत तिचा फोन इथेच विसरून गेली, त्यावरूनही लावला, तर तू गाडी चालवत असशील, नुसता वाजतोय. आता फिटरला तुझ्या वाटेवर पाठवलंय, पण तू कोणत्या रस्त्याने येशील कोण जाणे.

काय झालं ते ऐक. तू काल गाडी आणायला बाहेरगावी गेलास आणि जाताना बायकोला बजावलंस, मशीन चुकवू नकोस. आज सकाळी पोराला जास्तच धाप लागली. खोकून खोकून तो झोपला. तिला वाटलं, झोपेतून कशाला उठवायचं, दहा मिनिटं असंच लावू. तो आत असतानाच लावलं. तेवढ्यात खाली कुणी गाडी घ्यायला आला, तू नाहीस म्हणून तीच गेली. किल्ली सापडेना, माणूस बोलत राहिला. ती वर आली तेव्हा पोर उठून बसलेलं होतं आणि त्याला श्वास आत घेता येत नव्हता. ओठ निळे. शेजारच्यांनी गाडी काढली.

तिला बोल लावू नकोस. तिने माझ्याजवळ एकच वाक्य दहादा म्हटलं, आणि ते तुला कळायला हवं. मी तिला विचारलं, "अगं, मी एवढं पत्र लिहिलं होतं, मशीन बंद करा म्हणून. आलं नाही का?" ती म्हणाली, "आलं की. त्यांनी वाचून दाखवलं मला. म्हणाले, बघ, ताईने लिहून दिलंय, टायरच खराब होते. म्हणजे मशीनमध्ये काही नाही."



तू पत्रातलं तेवढंच वाचलंस. आणि ते वाक्य मीच लिहिलं होतं. तुला बरं वाटावं म्हणून, तुझा राग जावा म्हणून. तू रुसलास की माझा खाऊ तुला देऊन टाकायचे ना, तसं खरंखोटं देऊन टाकलं मी. मला वाटलं, माझी अब्रू गेली तर गेली, पोर वाचेल. उलटंच झालं. बारक्या, तुझा मला इतका राग आलाय की समोर असतास तर थोबाडीत मारली असती, आणि मग स्वतःच्याही मारली असती.

डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. नळी लावलीय, बोलता येत नाही त्याला. दार वाजलं की डोळे तिकडे वळवतो. मी आत गेले तर बघून पुन्हा मिटले. तो तुला शोधतोय.

डॉक्टरांनी विचारलं, घरात हवेत काय सोडता? तुझ्या बायकोला सांगता येईना, ती म्हणाली, "हवा शुद्ध करायचं." मी माहीत होतं ते सांगितलं. किती दिवस, रोज किती वेळ, ते तुलाच ठाऊक. त्यांना सगळं सांग, काही लपवू नकोस, काही कमी करून सांगू नकोस. तुझ्या सांगण्यावर त्याचं औषध ठरणार आहे.

खिडक्या सगळ्या उघडल्यात. त्या लावू नकोस. घरात थांबू नकोस.

एक वाक्य मी मागच्या पत्रातून परत घेते. मी जुना माल दिला नव्हता. टायर चांगले होते, बारक्या. पहिल्या दिवसापासून चांगले होते.

लवकर ये.

ताई