निळ्या गाडीच्या ब्रेकचं कलम

मी, आप्पासाहेब दगडू खुटवड, वय ७२, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार कात्रज, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरी कोणाला शंका असल्यास मला डोळे बांधून कार्बोरेटर खोलायला सांगावं.

१. राहतं घर व ठेवी पत्नी सौ. शालनला, तिच्या पश्चात मुलगी संस्कृतीला.

२. गॅरेजमधली हत्यारं भाचा पियुषला. रविवारी दुपारी "जरा बघून द्या" म्हणत येणाऱ्यांना त्यातलं एकही उसनं देऊ नये. माझे तीन पाने असेच गेले.

३. १९६५ची निळी विलायती मोटार शालनला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

२०१३ साली जुन्या कात्रज घाटाच्या उतारावर शालन ती चालवत असताना गाडी कठड्यावर आदळली. मागे बसलेल्या माझ्या आईचं, सरुबाईंचं, कमरेचं हाड मोडलं. ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं होतं, असं शालन सांगत होती. मी गाडी गॅरेजला आणून माझ्या रीतीने तपासली. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबायचं, कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली सरकलं म्हणजे पायाला जोर देणारा बूस्टर ठीक. ते सरकलं. सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो, "ब्रेक उत्तम आहेत. हिचा पाय कमी पडला."

पण मी तपासलं ते थंड इंजिनावर. सहा महिन्यांनी गाडी चांगली तापलेली असताना बॉनेट उघडलं, तर इंजिन ज्या नळीतून बूस्टरची हवा ओढतं ती तापून मऊ पडलेली आणि आत खेचली जाऊन चपटी झालेली. नळी मिटली की बूस्टर बंद आणि पेडल दगड. तिथे जाड नळी लागते. अपघाताआधी घाईत मीच पाण्याची साधी नळी बसवली होती. मी ती बदलली आणि गप्प बसलो. आई शेवटपर्यंत सुनेलाच बोल लावत गेली. शालनने पुन्हा स्टीअरिंगला हात लावला नाही. मला याची लाज वाटते.

४. इथवरचा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. मोटारीचं वायरिंग करणारे माझे जुने स्नेही करीम अत्तार म्हणाले, "आप्पा, हे वहिनींना तुम्ही असताना कळू द्या." मी शालनला बोलावून कागद हातात दिला. तिने तो उभ्यानेच दोनदा वाचला.

"आई जाईपर्यंत मी रोज त्यांची माफी मागत होते," ती म्हणाली. मग माझं पेन घेऊन तिने गाडीची ओळ खोडली. "गाडी तुमच्या मरणाची वाट कशाला बघेल? किल्ली आत्ता द्या."

किल्ली दिली आहे. सबब गाडी या मृत्युपत्रातून वगळली. खाली लिहिलेलं कारण मात्र खोडायचं नाही आणि येत्या रविवारी सगळ्या नातेवाइकांना बोलावून मीच ते मोठ्याने वाचायचं, असं तिने बजावलं आहे.

खोडलेल्या ओळीशेजारी माझी व शालनची सही आहे.

कात्रज, पुणे. ११ नोव्हेंबर २०२५
(सही) आप्पासाहेब दगडू खुटवड

आमच्यासमोर सही झाली:
(सही) करीम हुसेन अत्तार
(सही) डॉ. विक्रम श्रीधर पानसे